टोळीच्या ट्रॉलीतील गॅस आणि बॅटरी



हंगामाच्या तोंडावर टोळ्या येतात. ट्रॉलीत बाजरीची पोती, भांडी, कोंबड्या, वर पोरंबाळं. माणसे ट्रॉलीत बसवणेच मुळात बरोबर नाही, पण तो विषय निराळा. त्याच ढिगात हल्ली गॅसची छोटी टाकी असते, आणि दिव्याला व मोबाइलला लागणारी जुनी बॅटरीही. कोपी आपल्या रानात पडते, ट्रॅक्टरही पुष्कळदा सभासदाचाच असतो. म्हणून हे तुम्हालाच सांगायचे.

मागे एका फडावर आम्ही गेलो, तर ताडपत्रीखाली टाकी आडवी पडलेली, शेजारी उघडी बॅटरी, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर कोयत्यांची मोळी. ताडपत्री उचलली तसा वास आला. ड्रायव्हर विडी पेटवायच्या बेतात होता. त्या दिवशी निभावले.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळाला की उडून जात नाही, पाण्यासारखा तळाशी बसतो. फाळके बंद आणि वर ताडपत्री, म्हणजे ट्रॉलीचा हौदच झाला. हवेत शंभरात दोन भाग गॅस मिसळला तरी ठिणगीने पेट घेतो. ती ठिणगी बॅटरी देते. दोन टोकांवर कोयता पडला की झाले. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो हलका, वर चढून झाकणाखाली कोंडतो, आणि तोही पेटतो. म्हणून दोन्ही एका पेटीत, एका ताडपत्रीखाली कधीच नकोत.

टाकी उभीच बांधावी. आडवी पडली तर गॅसऐवजी द्रव बाहेर येतो, आणि त्याचा गॅस होताना तो सुमारे अडीचशे पट फुगतो. प्रवासात रेग्युलेटर काढून टोपी घट्ट लावावी. बॅटरीच्या टोकांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला तरी पुरे, खर्च काही नाही. वायर सोडताना आधी काळी सोडावी, जोडताना ती शेवटी.

मोठ्या टाकीतून छोटी भरून देणारे बाजारात भेटतात. त्यांच्याकडे जाऊच देऊ नका. कंपनी टाकीत वर जागा मोकळी ठेवते, कारण उन्हात द्रव फुगतो. हाताने भरणारा ती ठेवीलच असे नाही.

कोपी पाचटाची, तेव्हा टाकी आणि बॅटरी दोन्ही बाहेर सावलीत, पण दोन बाजूंना ठेवावी. नळी व जोड साबणाच्या फेसाने तपासावेत, काडी ओढून नव्हे. असे तपासणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत! वास आला तर बटण दाबू नये, टाकी बंद करून माणसे दूर न्यावीत आणि 1906 वर फोन करावा. तोही लांब जाऊनच. बॅटरीचे ॲसिड अंगावर वा डोळ्यात उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, मग दवाखाना.

टोळी रानात उतरेल त्या संध्याकाळी एक चक्कर मारा. मुकादमाला बरोबर घ्या, आणि कोपीतल्या बायांनाही सांगा. शेगडी पेटवतात त्याच.