काक्षी ताऱ्याचें नांव व रूप

डिसेंबर-जानेवारींत दिवेलागणीनंतर पूर्वेकडे पाहिलें म्हणजे मृग नक्षत्र वर आलेलें दिसतें. चौकोनाचे चार तारे हे हरिणाचे पाय आणि मधले एका ओळींतील तीन तारे हा व्याधानें मारलेला बाण, हें आपल्याकडे लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. ह्या चौकोनांतील डावीकडच्या दोन ताऱ्यांपैकीं खालचा, ठळक व तांबूस, तो काक्षी. पंचांगांतील आर्द्रा नक्षत्राचा तारा हाच, असें बहुतेक ग्रंथकार मानतात. आर्द्रा म्हणजे ओली. सूर्य जूनच्या २१-२२ तारखेस ह्या नक्षत्रीं येतो; मात्र तेव्हां हा तारा सूर्याबरोबर दिवसा आकाशांत असल्यामुळें दिसत नाहीं.

इंग्रजी पुस्तकांत ह्यास बीटलजूस म्हणतात. ह्या नांवाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. अरब ज्योतिषी ह्या तारकासमूहांत अल्-जौझा नांवाची स्त्रीआकृति कल्पीत, व ह्या ताऱ्यास ‘यद् अल्-जौझा’, म्हणजे जौझेचा हात, म्हणत. अरबी लिपींत शब्दारंभीं येणारे ‘य’ व ‘ब’ दिसावयास सारखेच. ‘य’खालीं दोन टिंबें, ‘ब’खालीं एक, एवढाच भेद. मध्ययुगांत अरबी ग्रंथांचीं लॅटिन भाषांतरें होतांना एक टिंब गळालें आणि ‘यद’चें ‘बद’ झालें. आपल्या लिपींत पोटांतली रेघ राहिली कीं ‘बारा’चा ‘वारा’ होतो, हें शुद्धलेखनाची वही परत मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानें अनुभविलेंच असेल!

पुढील विद्वानांस ‘बद’चा अर्थ लागेना. तेव्हां अरबींत काखेस जो शब्द आहे तोच येथें असावा, असा त्यांनीं तर्क केला, आणि ‘जौझेची काख’ हा अर्थ रूढ झाला. आपलें ‘काक्षी’ हें नांव कक्ष, म्हणजे काख, ह्या शब्दावरूनच बनलेलें दिसतें. तसें असेल तर एका टिंबाची चूक पार मराठीपर्यंत येऊन पोंचली. आतां हें नांव बदलावें असें मला वाटत नाहीं, पण तें कोठून आलें हें माहीत असावें.

जर्मनींतील बायर ह्यानें १६०३ मध्यें ताऱ्यांस ग्रीक अक्षरें दिलीं, तेव्हां मृगांत ‘आल्फा’ हें पहिलें अक्षर काक्षीस मिळालें. वास्तविक त्याच चौकोनांतील राजन्य हा निळसर तारा बहुधा अधिक तेजस्वी असतो. बहुधा म्हणण्याचें कारण असें कीं, काक्षीचें तेज स्थिर नाहीं. जॉन हर्शेल ह्यांच्या लक्षांत ही गोष्ट १८३६ मध्यें, दक्षिण आफ्रिकेंत वेध घेत असतां, आली. तेजाचें एक आवर्तन सुमारे ४०० दिवसांचें व दुसरें सहा वर्षांच्या जवळपास आहे. परंतु घड्याळासारखा नेमकेपणा त्यांत नाहीं.

हा तारा पृथ्वीपासून सुमारे ५०० ते ७०० प्रकाशवर्षें दूर आहे. १३ डिसेंबर १९२० च्या रात्रीं अमेरिकेंतील माउंट विल्सन वेधशाळेंत, १०० इंची दुर्बिणीवर २० फुटी यंत्र बसवून, मायकेलसन व पीझ ह्यांनीं त्याचा कोनीय व्यास मोजला. सूर्याखेरीज इतर ताऱ्याचा व्यास प्रत्यक्ष मोजला गेला, तो हा पहिलाच. एक इंच रुंदीचें नाणें शंभराहून अधिक किलोमीटरांवरून जेवढें दिसेल, तेवढा हा कोन! सूर्याच्या जागीं काक्षी ठेविला तर बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ त्याच्या पोटांत जातील. वस्तुमान मात्र सूर्याच्या सुमारे पंधरा ते वीस पटच; म्हणून सरासरी पाहतां हा तारा आपल्या हवेपेक्षां हजारों पटींनीं विरळ आहे. पृष्ठभागाचें उष्णतामान सुमारे ३,५०० अंश, सूर्याहून बरेंच कमी. म्हणूनच तो तांबडा. त्याचें वय सुमारे एक कोटी वर्षें, तर आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा. तथापि म्हातारा झाला आहे तो काक्षीच. मोठे तारे आपलें इंधन उधळ्यासारखें खर्च करतात.

२०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावूं लागला. फेब्रुवारी २०२० मध्यें त्याचें तेज नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झालें, आणि आतां ह्याचा स्फोट होणार, अशी चर्चा जगभर सुरू झाली. एप्रिलपर्यंत तो पूर्ववत् झाला. ताऱ्यानें बाहेर फेकलेला वायु थंड होऊन त्याची धूळ बनली व ती आड आली, असें पुढें वेधांवरून अनुमान निघालें. स्फोट होईल हें खरें. परंतु त्यास एक लाख वर्षेंही लागूं शकतील.

२०२५ मध्यें हवाई बेटांतील जेमिनी दुर्बिणीनें काक्षीच्या अगदीं लगत एका सहचर ताऱ्याची अंधुक खूण टिपली. त्यास ‘सिवार्हा’, म्हणजे ‘तिचें कंकण’, असें अरबी नांव सुचविण्यांत आलें. काखेंत गेलेला हात असा पुनः जागेवर आला.

काक्षीचें तेज पाहण्यास दुर्बीण नको. रोहिणीचा तांबूस तारा जवळच आहे; एरवीं काक्षी तिच्याहून ठळक दिसतो. फेब्रुवारी २०२० मध्यें मात्र तो तिच्याहून फिका पडून चौकोनांतील आपल्या वरच्या शेजाऱ्याइतकाच उरला होता. दर आठवड्यास, दोन्ही तारे आकाशांत उंच आले असतां, ही तुलना करून तारखेसह वहींत लिहून ठेवावी.