छुपा क्रम

साहित्याच्या विद्यार्थिनीने युरेनियमवर कशाला लिहावं, असं कुणीही विचारेल. पण आपण कविता कशी वाचतो, त्याच्याशी या विषयाचा संबंध आहे असं मला वाटतं.

आधी सममिती. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं असतं तेव्हा त्यातले अणूंएवढे चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. कुठलीच दिशा खास नसते. त्याखाली निवलं, की शेजारी शेजारी एकाच दिशेला वळतात. सगळ्या सारख्या दिशांतून एक निवडली गेली, म्हणजे सममिती भंगली. या बदलाला अवस्थांतर म्हणतात.

आता जड इलेक्ट्रॉन. सिरियम किंवा युरेनियम असलेल्या काही संयुगांत, कडाक्याच्या थंडीत, मोकळे इलेक्ट्रॉन अणूंतल्या चुंबकीय इलेक्ट्रॉनांत असे गुंततात, की शेकडो पट जड असल्यासारखे वागतात. फेस्ताच्या गर्दीत पावलोपावली ओळखीचं माणूस भेटावं आणि पाच मिनिटांच्या वाटेला तास लागावा, तसं. माणूस तोच, चाल तेवढी जड.

युरेनियम, रुथेनियम आणि सिलिकॉनच्या एका संयुगात १९८५ च्या सुमारास संशोधकांना १७.५ केल्विनला, म्हणजे उणे २५६ अंशांच्या आसपास, विशिष्ट उष्म्यात मोठी उडी दिसली. विस्कळीतपणा एकदम घटला. काहीतरी शिस्तीत आलं होतं. पण काय? चुंबकत्व मोजलं तर ते इतकं क्षीण, की एवढ्या उडीचा हिशेब लागेना. पुरेसा दाब दिला, तर मात्र नेहमीचा चुंबकीय क्रम प्रकटतो. म्हणजे दोन्ही अवस्था एकमेकींच्या अगदी जवळ आहेत, तरी एक नाहीत. त्यातच सुमारे दीड केल्विनला हेच संयुग अतिसंवाहक होतं, विजेला रोध उरत नाही. ज्या क्रमातून ही अतिसंवाहकता उगवते तोच कळला नाही, तर तिचाही उलगडा अर्धाच राहतो.

कितीतरी सिद्धांत आले, पण सर्वमान्य उत्तर अजून नाही. म्हणून नाव राहिलं ‘छुपा क्रम’.

कवितेत एखाद्या ओळीनंतर सगळं बदलल्यासारखं वाटतं, आणि आपण पटकन ‘प्रतीक’ म्हणून मोकळे होतो. पुढच्या बैठकीत असं करून पाहू या का? बदल नेमका कुठे झाला ते आधी दाखवायचं, मग कुठली कारणं पुरत नाहीत ते सांगायचं. नाव शेवटी.