परिमितीचा अजमास

मैदानाच्या कडेने फक्कीची रेघ ओढण्यापूर्वी खुंट्या ठोकून सुतळी ताणून घ्यावी लागते. सुतळी किती आणावी, हे दुकानात जाण्यापूर्वीच ठरलेले बरे. अशा वेळी प्रत्येक बाजू जवळच्या पूर्ण मीटरात घेऊन परिमितीचा अजमास तोंडीच काढता येतो. अर्ध्या मीटराहून कमी भाग सोडून द्यावयाचा. अर्धा किंवा अधिक असल्यास पुढचा पूर्ण मीटर धरावयाचा, एवढाच या रीतीचा नियम.

टेनिसचे दुहेरी सामन्याचे मैदान २३.७७ मीटर लांब व १०.९७ मीटर रुंद असते. त्याचे मूळ माप ७८ फूट व ३६ फूट असे पुरते आहे. मीटरात उतरविताना त्याला ही अपूर्णांकांची शेपटे फुटली. २४ व ११ यांची बेरीज ३५, तिची दुप्पट ७०. खरी परिमिती ६९.४८ मीटर आहे. सत्तर मीटर सुतळी मैदान वेढून वर हातभर उरते.

बॅडमिंटनची गोष्ट निराळी. तेथे दुहेरी मैदानाची लांबी १३.४० मीटर, रुंदी ६.१० मीटर. १३ व ६ मिळून १९, दुप्पट ३८. तेवढी सुतळी घेऊन मुले उत्साहाने कामाला लागतात. तीन बाजू झपाट्याने पुऱ्या होतात. चौथ्या बाजूवर मात्र सुतळी संपते, आणि पहिली खुंटी अद्याप एक मीटर दूर असते! गाठींना लागणारी सुतळी तर आणखी वेगळीच.

नियम मोडला नाही, बेरीजही चुकली नाही. मग हा मीटर गेला कोठे? दोन लांब बाजूंनी प्रत्येकी ४० सेंटीमीटर गिळले, दोन आखूड बाजूंनी प्रत्येकी १०. चारही मापे खालीच ओढली गेली. एक बाजू वर व दुसरी खाली गेली असती, तर या चुकांनी परस्परांना बरेचसे सावरून घेतले असते.

एका बाजूवर ही चूक अर्ध्या मीटराहून मोठी होत नाही. म्हणजे चार बाजूंवर फार तर दोन मीटर. ३८ चा अजमास निघाला, तर खरी परिमिती ३६ ते ४० मीटरांच्या दरम्यान असणार. म्हणून शहाणा मनुष्य ४० मीटर सुतळी घेतो. कुंपणाची तार किंवा चित्राच्या चौकटीची पट्टी घेतानाही असाच वरचा आकडा धरावा. उरलेली वस्तू कामी येते, तुटीला मात्र दुसरी खेप पडते.

उत्तर पडताळून पाहावयाचे असेल, तेव्हा जवळचा आकडाच उत्तम. वहीत बॅडमिंटनच्या मैदानाची परिमिती ३९० मीटर आली, तर ३८ च्या अजमासावरून लगेच कळते, की दशांशचिन्ह कोठेतरी सरकले आहे.