पावलागणिक निधी

वारीच्या परंपरेत वाढलेल्या आपणां मंडळींस पायी चालणे नवे नाही. मात्र चालण्यातून रुग्णांसाठी निधी उभारण्याची रीत निराळी आहे. चालणारा प्रथम आप्तेष्टांकडून व शेजाऱ्यांकडून वचन घेतो: मैलामागे अमुक रुपये, अथवा चालणे पुरे झाल्यास ठरावीक वर्गणी. मग चाललेल्या अंतराची नोंद दाखवून रक्कम गोळा करावयाची व संस्थेत भरावयाची.

अशा अंगमेहनतीचे बळ कॅनडाच्या टेरी फॉक्सने दाखविले. १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी, कर्करोगावरील संशोधनासाठी, कृत्रिम पायाने तो देश ओलांडण्यास धावत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले. रोग फुप्फुसांत पसरल्याने १ सप्टेंबरला थांबावे लागले. मागणे होते प्रत्येक देशबांधवामागे एक डॉलर. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर जमले, म्हणजे माणशी सुमारे एक! २८ जून १९८१ रोजी तो निवर्तला. त्याच वर्षापासून त्याच्या नावाने दरसाल धाव भरते. तीत चालणारेही असतात.

यातून आपण काय घ्यावे? दीर्घ दुखण्यास औषध रोज लागते. एकदाच आलेली मोठी देणगी सरते. दरसालची लहान वर्गणी टिकते. म्हणून आम्हांस वाटते की, चालण्याइतकीच काळजी हिशेबाची घ्यावी. दिलेला रुपया कोणाच्या औषधाला लागला हे ज्याला कळते, तो पुढील साली आपण होऊन नाव घालतो.