परिसर अभ्यासाचा एक पाठ : मध्यवस्तीत काय असावे?



“आपल्या गावात काय सुधारणा हव्यात?” हा प्रश्न परिसर अभ्यासाच्या तासाला आपण सर्वांनीच कधी ना कधी विचारलेला आहे. उत्तरेही ठरलेली असतात. रस्ता, दिवे, नळ, दवाखाना. फळ्यावर यादी होते, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो. प्रस्तुत पाठाचा विषय तोच आहे. विचारण्याची रीत मात्र निराळी आहे. उदाहरणादाखल नवी मुंबईतील बेलापूर घेतले आहे, कारण तेथील मध्यवस्ती हळूहळू वाढलेली नसून आधी कागदावर आखली गेली व मग उभी राहिली.

पाठापूर्वी शिक्षकाने थोडी माहिती ध्यानी घ्यावी. मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको महामंडळ स्थापन झाले आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन या शहरासाठी योजिली गेली. बेलापूर हे कचेऱ्यांचे व व्यापाराचे केंद्र ठरले. तेथे कोकण भवन आहे, सिडको भवन आहे, २०१४ पासून महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. रेल्वे १९९३ मध्ये आली, मेट्रो २०२३ मध्ये. कचेरीस जे जे लागते, ते बहुतेक आहे. रविवारी त्याच कचेऱ्यांच्या भागातून चालत गेल्यास मात्र शुकशुकाट जाणवतो.

या केंद्राच्या कडेलाच दिवाळे, शाहबाज, आग्रोळी ही जुनी गावे आहेत. संपादनाची नोटीस मोबदल्याविषयी बोलते; तुमच्या शेतावर उभ्या राहणाऱ्या शहरात तुम्हांस काय लागेल, हे ती विचारीत नाही. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकरी मृत्यू पावले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. चौथीच्या वर्गात हे सविस्तर सांगण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्या घरी ती आठवण जिवंत आहे, अशी मुले उरण-पनवेलच्या वर्गांत बसलेली असतात, याचे भान शिक्षकाने ठेवावे.

आता याच बेलापुरातील दुसरे चित्र पाहावे. कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात तेथे ‘आर्टिस्ट व्हिलेज’ ही वसाहत रचली. सात घरांच्या मध्ये सुमारे आठ मीटर लांब-रुंद अंगण; असे तीन समूह मिळून एकवीस घरे, त्यांच्या मध्ये बारा मीटरचे अंगण; आणि असे तीन मोठे समूह एकत्र आले की वीस मीटरचे मोकळे पटांगण. घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीस लागत नव्हती, म्हणून ज्याला जसे जमेल तसे त्याने घर वाढवावे. लोकांनी खरोखरच वाढविले. पुष्कळ घरे पाडून नवी बांधली. मूळ घरे आता थोडीच ओळखू येतात, अंगणे मात्र राहिली. हा नमुना फळ्यावर चौकोन काढून दाखविता येतो व गणिताच्या तासासही उपयोगी पडतो.

रहिवाशांच्या मागण्या ऐकल्या तर त्या बहुधा साध्या असतात : मोकळा पदपथ, सावली, स्वच्छतागृह, पावसाळ्यात पाणी न तुंबणे. परंतु साधी मागणीही नेहमी सोपी नसते. हे शहर पुष्कळसे भरतीच्या पातळीखालील जमिनीवर भराव घालून वसले आहे. म्हणून पावसाचे पाणी साठविण्यास धारण तलाव केले आहेत; भरतीला त्यांच्या झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात. आपल्या खारपट्टीतील उघाडीचेच हे मोठे रूप. या तलावांत गाळ साचला, गाळात खारफुटी उगवली. गाळ काढा, असे लोक म्हणतात. पण खारफुटीस कायद्याचे संरक्षण आहे आणि परवानगीवाचून तिला हात लावता येत नाही. मुलांना दोन्ही बाजू सांगाव्यात व उत्तर घाईने देऊ नये.

काही वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका शाळेत मी हा पाठ घेतला, तेव्हा मीच चूक केली. “गावाच्या मध्यभागी काय बांधावे?” असे विचारले. मॉल, तरणतलाव, मोठी कमान अशी उत्तरे आली. बांधण्याविषयी विचारल्यावर मुले बांधकामेच सांगणार! दुसऱ्या दिवशी विचारले, “काल शाळा सुटल्यावर तुम्ही कोठे बसलात?” चौथीतील एक मुलगी उठली. “साहेब, मी आईजवळ बसते, नाक्यावर. तीन वाजले की भिंतीची सावली जाते. मग आम्ही पाटी उचलून रस्त्याच्या कडेला जातो. तिथे झाड पाहिजे.” थोडे थांबून तिने खालच्या आवाजात सांगितले, की आई दिवसभर पाणी पीत नाही, कारण तेथे बायकांसाठी सोय नाही. वर्गशिक्षक त्याच नाक्यावरून रोज येजा करीत होते. मीही त्याच वाटेने आलो होतो.

युनेस्कोच्या साहाय्याने केव्हिन लिंच यांनी अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको व पोलंड या देशांत मुलांकडून त्यांच्या वस्तीचे नकाशे काढवून घेतले होते. त्याचा वृत्तांत १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. देश निराळे, पण झाडांची ओढ सगळीकडे सारखी आढळली.

तेव्हा पाठ असा घ्यावा. वर्गाचे चार गट करून पार, चावडी, देऊळ, एस.टी. थांबा यांपैकी एकच जागा निवडावी. सकाळी, दुपारी, शाळा सुटल्यावर व दिवेलागणीच्या वेळी तेथे कोण असते, कोठे बसते, कोण न थांबता निघून जाते, हे मुलांनी टिपावे. दिवेलागणीचे निरीक्षण पालकांसमवेतच व्हावे. नंतर प्रत्येकाने घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस आणि एका स्त्रीस तीन प्रश्न विचारावे : तुम्ही येथे केव्हा येता, किती वेळ थांबता, काय अडते? ‘काय हवे’ हा प्रश्न शेवटी. उत्तरे बोलीत आली तर तशीच लिहू द्यावीत. शुद्धलेखनाची लाल शाई त्या दिवशी बाजूस ठेवावी.

या नोंदींवरून मोठ्या कागदावर नकाशा करावा. २०१३ पासून विमानतळाभोवतालच्या ‘नैना’ क्षेत्राचे नियोजन सिडकोकडे आहे, आणि त्यात आपल्या शाळा असलेली पुष्कळ गावे येतात. विकास योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये ठराविक मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात. मुदत थोडी असते. नकाशा आधीच तयार असलेला बरा. एरवीही २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. मुख्याध्यापकांनी आठ दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी बोलून नकाशा सभेच्या जागी लावण्याची व्यवस्था करावी, आणि ज्या मुलांनी तो काढला त्यांपैकी दोघांनी तो उभे राहून समजावून सांगावा. शिक्षकाने त्या वेळी मागे बसावे.