'मुंबई डायरीज'चा प्रेक्षक आणि रसविघ्नांचा विचार

दूरचित्रवाणी-मालिकांविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात संहिता असते, अभिनय असतो, क्वचित निर्मितीमागचे अर्थकारणही असते. प्रेक्षक मात्र बहुधा संख्येच्या रूपानेच येतो. पाहता पाहता तो काय बोलतो, कोठे हुज्जत घालतो, कोठे उठून आत जातो, याची दखल समीक्षा घेत नाही; हे सारे साहित्यबाह्य आहे असा तिचा समज असतो. प्रस्तुत लेखात रुग्णालयाच्या अपघात विभागावर बेतलेल्या एका मालिकेला मिळालेल्या प्रतिसादाचा विचार करावयाचा आहे. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. घरी, वर्गाबाहेर, एसटीच्या प्रवासात कानावर आलेली बोलणी एवढीच तिची सामग्री. परंतु या बोलण्यांना नेमकी नावे अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवली आहेत, असे माझे म्हणणे आहे.

रुग्णालय हा विषय आपल्या दूरचित्रवाणीला नवा नाही. विजया मेहता यांची 'लाइफलाइन' 1991 मध्ये दूरदर्शनवर आली. 2002 मध्ये स्टार प्लसवर सुरू झालेल्या 'संजीवनी'त रुग्णालय हे मुख्यतः प्रेमकथेचे नेपथ्य होते. निखिल अडवाणी यांची 'मुंबई डायरीज' (पहिले पर्व 9 सप्टेंबर 2021, अॅमेझॉन प्राइम) मात्र अपघात विभाग हेच नाट्याचे केंद्र करते. 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र, बॉम्बे जनरल हे कल्पित सरकारी रुग्णालय, त्याच दिवशी रुजू झालेले तीन शिकाऊ डॉक्टर आणि मोहित रैना यांनी उभा केलेला डॉ. कौशिक ओबेरॉय. मालिका हिंदी असली तरी शिकाऊ डॉक्टरांतील सुजाता आजवले (मृण्मयी देशपांडे) हिच्यामुळे मराठी घरांत ती अधिक आपलेपणाने पाहिली गेली, असे दिसते.

'अभिनवभारती'त रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. मराठीत ग. त्र्यं. देशपांडे यांनी हा विषय विस्ताराने मांडला असल्याने सातांचीही उजळणी येथे करीत नाही, तिघांपुरते पाहू.

पहिले विघ्न संभावनाविरहाचे. जे घडणे शक्य वाटत नाही, त्यात मन रमत नाही. रुग्णालयात नोकरी केलेल्या प्रेक्षकाची तक्रार नेमकी हीच असते. यंत्रावरची रेषा सरळ झाली की छातीला विजेचा झटका द्यायचा, हे दृश्य जगभरच्या अशा मालिकांत सर्रास दिसते. वास्तविक हृदयाची विद्युतक्रिया पूर्ण थांबलेली असताना त्या झटक्याचा उपयोग नसतो. अमेरिकेत 'ईआर', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू 911' या कार्यक्रमांचा अभ्यास 1996 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करण्याच्या 60 प्रसंगांपैकी 75 टक्के प्रसंगांत रुग्ण तत्काळ वाचलेला दाखविला होता. प्रत्यक्षातले प्रमाण याच्या जवळपासही जात नाही. गंमत अशी, की परिचारिकेला जेथे विघ्न जाणवते, तेथेच इतर प्रेक्षक रंगून गेलेले असतात. म्हणजे संभाव्यता ही संहितेत नसून पाहणाऱ्याच्या अनुभवात असते. 'सहृदय' ही संज्ञा आपण एकवचनी वापरतो, ती किती सैलपणे, हे येथे कळते.

दुसरे विघ्न विशिष्ट देशकालाच्या आवेशाचे. पात्र अमुकच, काळ अमुकच, अशी जाणीव बळावली की साधारणीकरण अडते. या मालिकेपुढची खरी अडचण ही आहे. ती रात्र आणि पुढचे दिवस आपण दूरचित्रवाणीवरच पाहिले होते. कोकणात तर घरटी एखादा माणूस मुंबईत. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाल्याचे कळताच त्या रात्री रत्नागिरीतून किती दूरध्वनी गेले असतील! त्याच पडद्यावर, तशीच दृश्ये, आता पार्श्वसंगीतासह येतात. मालिकेतील वार्ताहर मानसी हिरानी बातमीमागे धावते, तेव्हा प्रेक्षक नाटक पाहता पाहता आपलेच 2008 मधले पाहणेही पाहत असतो. त्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या निकालपत्रात कठोर ताशेरे ओढले होते. कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी त्या रात्री आपल्या वॉर्डातील 20 गर्भवतींना सुरक्षित जागी हलविले, हेही अनेकांना ठाऊक आहे. त्यांच्यापुढे कल्पित शौर्य फिके वाटते, असे जे बोलले जाते ते मला रास्त वाटते. या बाबतीत मालिकेची बाजू मी घेणार नाही.

तिसरे विघ्न निजसुखदुःखाच्या विवशतेचे, आणि खरा पेच येथे आहे. दुसऱ्या पर्वात (6 ऑक्टोबर 2023) मुंबईतील अतिवृष्टी आणि पाण्याने वेढलेले रुग्णालय येते. रत्नागिरी जिल्ह्यातील प्रेक्षकाला हे कसे दिसावे? 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. तेथील कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज खंडित झाल्याच्या व रुग्ण दगावल्याच्या बातम्या साऱ्या जिल्ह्याने वाचल्या. मालिका पाहताना कोणी मध्येच उठून गेले. पण पुष्कळ जण उठले नाहीत. ते पडद्याशी बोलत राहिले : जनरेटर तळमजल्यावर का ठेवला, होडी केव्हा येणार, वरच्या मजल्यावर आधीच का नेले नाही. अशीच एक प्रतिक्रिया पहिल्या पर्वाविषयीही ऐकू येते. ही माणसे निदान दवाखान्याच्या दारापर्यंत पोचली तरी, असे लोक म्हणतात. पेशंट कोल्हापूरला हलवायचा म्हणजे आंबा घाटातून सुमारे 130 किलोमीटर, हे गणित ज्या घराने मोजले आहे, त्याचे नाट्य स्ट्रेचर दारातून आत येण्यापूर्वीच घडून गेलेले असते.

या विघ्नावर अभिनवगुप्ताने उपाय सांगितला आहे तो गीत-वाद्यांचा, सजविलेल्या रंगमंडपाचा. प्रेक्षकाचे खासगी दुःख दाराबाहेर राहावे, ही त्यामागची कल्पना. दूरचित्रवाणीला मंडप नाही. ज्या खोलीत अपरात्री फोन वाजला होता, त्याच खोलीत ती मालिका पाहिली जाते. मग शास्त्राप्रमाणे रसभंग अटळ ठरतो. पण पाहणारा पाहतच राहतो, याचा उलगडा शास्त्रातून होत नाही.

न. चिं. केळकरांनी 1921 च्या बडोदे संमेलनात मांडलेली 'सविकल्प समाधी' येथे थोडी जवळची वाटते : दुसऱ्याच्या भूमिकेत शिरूनही स्वतःचे भान न सुटणे. मात्र केळकरांच्या विवेचनाचा रोख आनंदाकडे आहे, आणि जनरेटरविषयी प्रश्न विचारणाऱ्या प्रेक्षकाला आनंद होत असावा असे मला वाटत नाही. त्याचे स्वतःचे दुःख त्याच्या प्रतीतीच्या आड येत नाही, तेच प्रतीतीचे साधन होते. त्या रात्री ज्यांना विचारता आले नाहीत ते प्रश्न तो पडद्यावरच्या डॉक्टरांना विचारतो. कौशिकवर निष्काळजीपणाचा खटला चालतो ते प्रसंग म्हणूनच आमच्याकडे एवढ्या बारकाईने पाहिले गेले. वकील काय विचारतो यापेक्षा काय विचारीत नाही, यावर घराघरांत वाद झाले.