नेढ्यापर्यंतची वाट

प्रस्तावना

सुईत दोरा ओवण्यासाठी जे छिद्र असते, त्याला मराठीत 'नेढे' म्हणतात. डोंगराच्या कड्याला आरपार पडलेल्या नैसर्गिक भोकालाही सह्याद्रीत हेच नाव आहे. राजगड, इर्शाळगड, मदनगड येथे अशी नेढी आढळतात. प्रस्तुत पाठात रतनगडाच्या नेढ्यापर्यंत केलेल्या दिवसभराच्या पायपिटीचे वर्णन आहे. वाट दाखवणाऱ्या माणसाचे ज्ञान कशा प्रकारचे आहे, याकडे वाचताना लक्ष द्या.

मूळ पाठ

मे महिन्याचा अखेरचा आठवडा होता. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात साम्रद नावाचे गाव आहे. तेथून आम्ही चौघे पहाटे पाच वाजता निघालो. सोबत वाटाड्या म्हणून गावातलेच साठीच्या घरातील एक गृहस्थ होते. आम्ही त्यांना मामा म्हणत होतो. रतनगड चढायचा, नेढे पाहायचे आणि अंधारापूर्वी पलीकडच्या रतनवाडीत उतरायचे, असा बेत होता.

गावालगतच सांदण दरी आहे. सपाट माळाला अचानक भेग पडावी, तशी ती दिसते. दोन्ही बाजूंना काळ्या पाषाणाच्या उभ्या भिंती आणि मधून जेमतेम काही माणसांपुरती वाट. तळापर्यंत सूर्यकिरण क्वचितच पोहोचतात. आम्हाला आत दूरवर जाण्याचा मोह झाला. पण मामांनी पहिल्या धोंड्यांपाशीच थांबवले. भिंतीच्या कपारीत, आमच्या डोक्याच्याही वर, वाळक्या काटक्या अडकल्या होत्या.

"गेल्या पावसाची खूण आहे ही," ते म्हणाले. "इथं पाऊस पडायलाच पाहिजे असं नाही, पाव्हणं. वर माळावर पडला तरी पाणी इथंच येतं."

आम्ही परत फिरलो आणि गडाची वाट धरली. करवंदीच्या जाळ्या संपल्या आणि उघडा कातळ सुरू झाला. ऊन चढले, तसा दगड पायाखाली तापू लागला. पावसाळ्यात या भागावर मुसळधार पाऊस कोसळतो. परंतु उतार तीव्र आणि कातळ कठीण असल्याने बरेचसे पाणी वाहून जाते. उन्हाळ्यात मात्र हाच मुलूख वाळवंटासारखा कोरडा होतो. अकरा वाजेपर्यंत आमच्यातील एकाने सगळे पाणी संपवले होते. मामांची बाटली अजून अर्धीही झाली नव्हती. त्यांनी ती न बोलता पुढे केली.

खुट्टा नावाच्या सुळक्याच्या बाजूने आम्ही खिंडीत आलो. पुढे खडकात खोदलेल्या पायऱ्या त्र्यंबक दरवाजाकडे जातात. त्या इतक्या उंच आहेत की, प्रत्येक पायरीला हातांचा आधार घ्यावा लागला. मामा वर जाऊन थांबत आणि आम्ही पोहोचेपर्यंत एक शब्दही बोलत नसत.

दोनच्या सुमारास आम्ही नेढ्यात शिरलो. १२९७ मीटर उंचीच्या या गडाच्या माथ्याला आरपार खिडकी पडली आहे आणि तिच्यातून वारा अखंड वाहत असतो. समोर भंडारदरा धरणाचे पाणी चकाकत होते. हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. उत्तरेला अलंग, मदन, कुलंग आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, तर दुसऱ्या अंगाला कोकणात कोसळणारे कडे.

सह्याद्रीचा हा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांतून घडला. काही थर टणक, तर काही ठिसूळ. पाणी भेगांत मुरते, ऊन खडकाला प्रसरण पावायला लावते, ठिसूळ भाग झडत जातो आणि टणक भाग कमानीसारखा उरतो. तिरुमलच्या डोंगरावरील शिलातोरण किंवा अमेरिकेतील युटाच्या वाळवंटातील कमानी वेगळ्या खडकांच्या आहेत. तरी त्यांचा शिल्पकार निसर्गच. जे झिजल्याने घडते, ते झिजूनच नाहीसे होते. माल्टा देशातील समुद्रकाठची प्रसिद्ध कमान २०१७ मध्ये वादळात कोसळली.

सूर्यास्त येथूनच पाहावा, असे आम्हा सर्वांना वाटत होते. मामा मात्र कोकणाच्या दिशेने पाहत होते. तेथे एक लहानसा ढग उभा होता.

"आता निघाया हवं," ते म्हणाले.

"एवढ्याशा ढगाने काय होणार?" आमच्यातील एकाने विचारले.

"शिड्या वल्ल्या झाल्या, तर मग रात गडावर."

आम्ही नाराजीनेच उठलो. पाण्याची टाकी, राणीचा हुडा, हनुमान दरवाजा आणि गणेश दरवाजा मागे टाकत लोखंडी शिड्यांपाशी आलो. तोवर आभाळ काळवंडले होते. शेवटचा माणूस शिडीवरून उतरला आणि टपोरे थेंब सुरू झाले. रानातला कोरडा ओढा मामांनी आम्हाला जवळजवळ पळवतच ओलांडायला लावला. पाव तासाने मागून पाण्याचा घोंगावणारा आवाज आला. तेव्हा कोणीच काही बोलले नाही.

रतनवाडीत पोहोचलो, तेव्हा पाऊस थांबला होता. प्रवरा नदीच्या उगमाजवळचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर भिजून काळेभोर दिसत होते. मामा मंदिराच्या पाटीसमोर उभे राहिले. नातीकडून ते अलीकडेच अक्षरे शिकू लागले होते. बोट ठेवून ते वाचू लागले, "अ... मृ... ते..." पुढच्या जोडाक्षरापाशी ते अडले. आमच्यातील एकाच्या ओठांवर ते अक्षर आले होते. पण त्याने ते उच्चारले नाही. दिवसभर प्रत्येक पायरीवर मामा आमच्यासाठी थांबले होते. आता थांबण्याची पाळी आमची होती.

शब्दार्थ

कातळ – अखंड खडक
सुळका – टोकदार उभा कडा
हुडा – बुरूज
वल्ल्या – ओल्या (बोलीभाषेतील रूप)

स्वाध्याय

१. सांदण दरीतील काटक्यांवरून मामांनी कोणता निष्कर्ष काढला? त्याचा प्रत्यय पुढे कोठे येतो?
२. भरपूर पाऊस पडूनही हा प्रदेश उन्हाळ्यात कोरडा का पडतो?
३. 'आता थांबण्याची पाळी आमची होती' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. शाळेबाहेर शिकलेले, पण तुमच्या उपयोगी पडलेले एखादे ज्ञान आठ-दहा ओळींत लिहा.